जनाकाकूंचा डावा पाय

खोकला आला की मी अजूनही आधी थांबतो, मग खोकतो. खोकून झालं की उजव्या पायात काही उतरलं का ते बघतो. काही उतरत नाही. माझं डिस्कचं दुखणं जाऊन आता बराच काळ झाला. पण ही सवय जनाकाकूंनी लावलेली आहे, आणि त्यांनी लावलेली सवय सुटता सुटत नाही.

"खोक," त्या म्हणायच्या, ळचा ल करणाऱ्या त्यांच्या बोलीत. समोर कोण आहे, कुठल्या कंपनीत मॅनेजर आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. "खोक ना बाला. लाजतोस कशाला? मोठ्यानं खोक, आन कल कुठवर जाते बग."

कल्याणकडच्या मानपाड्याला आम्ही ज्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायचो ती त्यांच्याच शेतावर उभी राहिलेली. तीन मजले, लिफ्ट नाही. गेटच्या आत, डाव्या हाताला, त्यांनी स्वतःचं बैठं घर तसंच ठेवलेलं, पुढे पडवी. त्यांचा मुलगा नरेश वर राहायचा, दोन फ्लॅट एक करून. आई, वर ये, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. काकू म्हणायच्या, "मी वर आली तर मानसं कशी येतील? कंबर मोडलेली मानसं जिना चढतील का रं?"

कारण काकू पायाळू होत्या. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसानं उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे घरोघर मानतात. मी मानत नाही. आमच्या घरात असलं कुणी बोललं की दादा, म्हणजे माझे वडील, चष्मा काढायचे, आणि दादांनी चष्मा काढला की पुढचा अर्धा तास गेला. तरी सकाळी सात ते नऊ त्या पडवीत बसलेली माणसं मला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज दिसायची. कुणी कल्याणहून, कुणी टिटवाळ्याहून, एका कुशीवर कलंडलेले, भिंतीला धरून उभे राहिलेले. काकू चहा संपवून बाहेर यायच्या. माणसाला चटईवर पालथं झोपवायच्या, दाराची चौकट धरायच्या आणि डावा पाय त्याच्या कमरेवर तीनदा टेकवायच्या. दाब अजिबात द्यायच्या नाहीत. "जा. दोन दिस जड उचलू नको. आन झोपून पन ऱ्हाऊ नको." एवढंच. घ्यायच्या फक्त नारळ, तोसुद्धा कुणी आणलाच तर.

त्या पायाचे लाड बघण्यासारखे असायचे. रोज आंघोळीनंतर डाव्या पायाला खोबरेल तेल, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. उजव्याला कधी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "उजवा काय, नुसता चालायला हाय." विजा कडाडायला लागल्या की त्या पलंगावर पाय वर घेऊन बसायच्या, कारण पायाळू माणसाला वीज शोधत येते असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. तेव्हा दारात कुणी कितीही कण्हत आलं तरी खाली उतरायच्या नाहीत. "थांब. आधी तिला जाऊ दे."

मात्र आलेल्या प्रत्येकाला त्या पाय लावायच्या नाहीत. आधी परीक्षा व्हायची. खोकायला लावायच्या. डोळे मिटायला लावून खराट्याची काडी पायाच्या एकेका बोटाला लावायच्या आणि कुठलं बोट ते विचारायच्या. पडवीभर आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालवायच्या. आणि शेवटचा प्रश्न, जो ऐकून लोक लाल व्हायचे, तो त्या सगळ्यांसमोर, भाजीचा भाव विचारावा तसा विचारायच्या. "मुतायला समजतं ना? आन बसायची जागा बधिर नाय ना?"

एकदा बांधकामावरचा एक सुपरवायझर आलेला, चांगला धिप्पाड गडी. हा प्रश्न ऐकून तो उठलाच. म्हणाला, "काकू, पाय लावायचा तर लावा, हे काय विचारताय बायकांसमोर?" काकू म्हणाल्या, "त्या बायका पन मुततात. तू सांग." काकूंनी दोन मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग तो हळूच म्हणाला की सकाळपासून झालेलीच नाही, आणि बसलं की खाली काही जाणवत नाही. काकूंनी तिथूनच नरेशला हाक मारली, "रिक्षा आन! आताच्या आता!" नारळ त्या गड्याच्या हातात परत दिला आणि त्याला थेट मोठ्या हॉस्पिटलला धाडलं. त्याच संध्याकाळी त्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं तो पेढे घेऊन आला, स्वतःच्या पायांनी चालत. काकूंनी पेढा घेतला आणि विचारलं, "मुतायला समजतं ना?"

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ते कळलं ते माझी पाळी आल्यावर.

मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात ड्रॉइंगं काढतो. दिवसभर खुर्ची, आणि जाता-येता खड्ड्यांतून बाईक. कंबर आधीपासून कुरकुरत होतीच, मी लक्ष दिलं नाही. एका रविवारी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. उजव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कोणीतरी गरम तार ओढल्यासारखं झालं. तीन दिवस कुशीवर पडून होतो. झोप नाही. चौथ्या दिवशी अंगठा बधिर झाला तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, तेवढा भाग तरी दुखत नव्हता.

माझी बायको सुजाता म्हणाली, "खाली काकूंना दाखवूया का?"

दादांनी चष्मा काढला.

आम्ही बौद्ध. दादा महापालिकेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही, लग्नात नाही, परीक्षेला जाताना नाही. मोठ्यांना जयभीम म्हणायचं, मान वर ठेवून. आणि इथे तर उलट, दुसऱ्याचा पाय आपल्या अंगावर घ्यायचा होता.

"वेदना होतायत हे मला मान्य आहे," दादा म्हणाले. "पण घरमालकिणीच्या पायाखाली पालथं पडायचं? तुझ्या आजोबांनी गाव कशासाठी सोडलं, मिलिंद?"

"दादा, मला उभं राहता येत नाहीये."

"मग डॉक्टरकडे जा. विज्ञान आहे ना?"

बरोबर बोलत होते. पण डॉक्टर रस्त्यापलीकडे होता आणि काकू जिन्याखाली, आणि चार रात्री न झोपलेल्या माणसाला तत्त्व कळत नाही, अंतर कळतं. सुजाताच्या खांद्यावर हात टाकून मी तीन मजले आडवा आडवा उतरलो. पंधरा मिनिटं लागली.

काकूंनी मला खोकायला लावलं. कळ अंगठ्यापर्यंत गेली आणि मी ओरडलो. डोळे मिटून घ्यायला सांगितले. मी वाट बघत राहिलो, काही लागेना. म्हटलं, "लावा ना काडी." त्या म्हणाल्या, "कवाची लावलीय." टाचांवर कसाबसा चाललो. शेवटच्या प्रश्नालाही उत्तर दिलं, सगळी पडवी कान देऊन ऐकत असताना. त्या बाबतीत माझं ठीक होतं. मी चटईकडे वळलो तर त्यांनी चटई गुंडाळली.

"तुना मी पाय लावनार नाय."

"का?"

"ही उसन नाय. उसन पाठीत ऱ्हाते. तुजी शीर दाबलीय. डाक्टरकडं जा आन कंबरंचा फोटो कार."

पुन्हा तीन मजले. दादा दारातच उभे. "लावला पाय?"

"नाही लावला."

मला वाटलं खूश होतील. छे! चष्मा काढलाच. "का नाही लावला? सगळ्या जगाला लावतात. आपल्यालाच नाही?" त्यांचा चेहरा तसा झाला, जसा मी लहानपणी एकदाच पाहिलेला, गावच्या विहिरीची गोष्ट सांगताना. लेंग्यावर शर्ट चढवून ते तरातरा खाली गेले. मी खिडकीशी लोंबकळत ऐकत राहिलो. आधी दादांचा आवाज, शाळेतला, शुद्ध. मग काकू म्हणाल्या, "मास्तर, लावला असता तरी तुमी भांडायला आले असते, नाय लावला तरी आले. मी करू काय? बसा. च्या घ्या."

अर्ध्या तासानं दादा वर आले ते शांत होऊन. त्यांनी मला सांगितलं ते असं.

काकूंचा धाकटा भाऊ बाळू. त्याची कंबर अशीच गेलेली, कळ पायात उतरलेली. सख्खी बहीण पायाळू म्हटल्यावर तो दुसरीकडे कशाला जाईल? काकूंनी त्याला एकवीस दिवस पाय लावला. दिवसेंदिवस कळ कमी होत गेली, सगळे खूश. पण कळ कमी झाली ती पाय बरा होत होता म्हणून नाही, शीर मरत होती म्हणून. एक दिवस त्याचं पाऊल वर उचलेना. मग हॉस्पिटल, ऑपरेशन, सगळं झालं. पाऊल नाही उचललं ते नाहीच उचललं. आता भाऊबीजेला तो येतो तेव्हा गुडघा उंच उचलून, पाऊल फटकन टाकत येतो आणि तो फटका काकूंना गेटपासून ऐकू येतो. तो काकूंना कधी बोलला नाही. हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट मात्र बोलली. जवान मुलगी, वीस-पंचवीसची, तिनं काकूंना सगळ्या वॉर्डसमोर झाडलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्याकडे गेल्या. म्हणाल्या, "पोरी, तू बोललीस ता बरोबर. आता मना शिकव. कोनाला पाय लावू आन कोनाला नको."

"आणि तिनं शिकवलं," दादा म्हणाले. चष्मा लावून पुन्हा म्हणाले, "बाई विद्यार्थिनी चांगली आहे. तू उद्या एमआरआय कर."

एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधली डिस्क बाहेर आलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, पाऊल उचलतंय, लघवीचं ठीक आहे, तेव्हा लगेच कापाकापी नको. थोड्या दिवसांच्या गोळ्या, फिजिओ, आणि पडून राहायचं नाही. बहुतेकांचं दीड-दोन-तीन महिन्यांत खूपच निवळतं. मला पटलं नाही. बाहेर आलेली वस्तू आत कशी जाईल?

ते काकूंनी समजावलं. "पुरनाची पोली करतात ना? कडंला फाटली का पुरन भायेर येतं आन तव्याला चिकटतं. तसं तुजं पुरन शीरंला चिकटलंय. चटका बसतोय ता त्याचा."

"मग ते परत आत जाणार?"

"आत कशाला जाईल? आंगच खातं त्याला. हलू हलू. फिजिओबाय बोल्ली मना. तू फक्त नवीन पुरन भायेर कारू नको."

त्या फिजिओकडेच मला पाठवलं. तिनं पोटावर झोपून कोपरांवर उठायला शिकवलं. पहिल्या दिवशी वाटलं ही मारते मला. आठवड्यानं कळ पोटरीतून मांडीत आली, मग मांडीतून कुल्ल्यात, आणि कंबर मात्र जास्त दुखायला लागली. मी घाबरलो. ती म्हणाली, उलट छान आहे, दुखणं पायातून कमरेकडे सरकतंय म्हणजे शीर सुटतेय. अर्ध्या तासाच्या वर खुर्चीत बसायचं नाही, वाकून उचलायचं नाही, आणि रोज चालायचं. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग वाढवत जायचं.

चालायला काकू माझ्याबरोबर यायच्या. सकाळी सहाला खालून हाक यायची, "मिलिन! उठलास का?" माझ्या नावातला शेवटचा द त्यांनी कधी उच्चारला नाही. गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, तोंडात मिश्री, पायात निळी चप्पल. गेटपासून एमआयडीसीच्या पहिल्या कंपनीपर्यंत आणि परत. जाताना त्या बिल्डिंगा मोजायच्या, पण नावांनी नाही. "ही भाताची. ही पन भाताची. ही चिंचेची." म्हणजे आधी तिथं काय होतं ते. मी हूं हूं करायचो. त्या महिन्यांत मला कशाचंच फार काही वाटायचं नाही. दुखणं कमी झालं तशी एक सुस्ती आली. ऑफिसनं घरून काम दिलं, दिवस जात होते, मी चालत होतो.

एकदा मी विचारलं, "काकू, फिजिओ मॅडम म्हणतात साधी उसण तशीही तीन-चार दिवसांत जातेच. मग तुमच्या पायानं काय होतं?"

मला वाटलं रागावतील. त्यांनी विचार केला. "ता मना पन ठाव हाय. तीन दिस जातात ना पन? त्या तीन दिसांत मानूस घाबरून मरतं. मी सांगते काय नाय झायलं तुना, जा, चाल. माज्या तोंडून नाय पटत त्यांना, पायानं पटतं. मंग पायानं सांगते."

मी चांगला चालायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. परतताना मी एक पाऊल मागे होतो. बघतो तर काकूंची डावी चप्पल रस्त्यावर पडलेली. काकू पुढे चालल्यात. रस्ता खोदलेला, खडी पसरलेली. आता थांबतील, मग थांबतील, म्हणून मी बघत राहिलो. पंधरा-वीस पावलं त्या खडीवरून एका अनवाणी पायानं चालत गेल्या, चिंचेच्या बिल्डिंगबद्दल बोलत.

मी चप्पल उचलली. "काकू."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे. टाचेतून रक्त येत होतं. त्यांनी चप्पल घेतली, खाली टाकली आणि वाकून, हातानं धरून, पाय तिच्यात घातला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवालीपासून. आधी बोटं. आता घोट्यापरत."

"कंबर?"

"दुकते थोरी. वयच हाय माजं."

"काकू, डॉक्टरकडे चला."

"जाईन." मग माझं मनगट धरलं. त्यांनी मला हात लावलेला तो पहिल्यांदाच. "कुनाला बोलू नको, मिलिन. नरेशला तर नकोच. लोकं या पायासाठी येतात. पायालाच समजत नाय असं कलालं तर मी कोन? जाईन ना मी. लग्नसराई होऊ दे, नरेशच्या पोरीचं होऊ दे, मंग जाईन."

मी "बरं" म्हणालो.

का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ते चार प्रश्न त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ होते, मी कोण शिकवणार, असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं. त्या मोठ्या आहेत, घर त्यांचं आहे, आम्ही भाडेकरू. हे सगळं खरंच होतं. पण खरं कारण एवढंच की माझं दुखायचं थांबलेलं आणि मला परत कुठल्या दुखण्यात पडायचं नव्हतं. दादांनासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादा चष्मा काढून थेट नरेशकडे गेले असते, म्हणूनच सांगितलं नाही.

तीन आठवडे गेले. रोज सकाळी मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायचो, चप्पल सुटली की "काकू" म्हणायचो, त्या हातानं पाय घालायच्या, आम्ही पुढे जायचो. पडवीतली माणसं येत होती. काकू आता चौकट दोन्ही हातांनी धरायच्या आणि पाय टेकवताना खाली मान घालून बघायच्या, लागला की नाही ते. आधी कधी बघायच्या नाहीत. हे तिसऱ्या मजल्यावरून मला स्पष्ट दिसत होतं. लग्न झालं, जोरात झालं, काकू मांडवात खुर्चीवर बसून होत्या.

लग्नानंतरच्या पाचव्या दिवशी खालून हाक आली नाही. मी उतरलो. नरेश पडवीत उभा, हातात ओली गोधडी. म्हणाला, "आईला समजलंच नाही रे. सकाळी उठली तर सगळं भिजलेलं, आणि तिला पत्ताच नाही."

काकू आत पलंगावर बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा शेवटचा प्रश्न त्यांना स्वतःला आता विचारायची गरज नव्हती. नरेश बायकोला बोलवू की आधी चहा देऊ असं काहीतरी म्हणत होता, मी ओरडलो, "गाडी काढ! आत्ता!"

ठाण्याला एका हॉस्पिटलमध्ये नेलं. तपासणारा डॉक्टर घाईत होता. त्यानं नरेशला विचारलं, "पाय कधीपासून बधिर आहे?"

"आजच," नरेश म्हणाला. "काल चांगली होती."

मी मागे उभा होतो. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, असं मला अजून कधीकधी वाटतं, आणि वाटलं की स्वतःची शरम वाटते.

"दिवाळीपासून," मी म्हणालो. "घोट्यापर्यंत तीन आठवड्यांपूर्वीच गेलेला. मला माहीत होतं."

नरेश वळला. माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती तरी मी समजू शकलो असतो. तो फॉर्मवर सही करायला गेला. मी बाकड्यावर बसलो. रडू आलं नाही. समोरच्या भिंतीवर एक पाल होती, तिच्याकडे बघत तास काढले. ऑपरेशन झालं. लघवीचं पुढे हळूहळू सुधारलं. पाय नाही आला. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर पायाचं काही सांगता आलं असतं.

घरी आल्यावर काकूंना वॉकर दिला, पावलाला आधाराचा पट्टा. पडवीत खुर्ची टाकून बसायच्या. फिजिओ घरी यायची, तिनं यावेळी काही झाडलं नाही, तेच काकूंना लागलं. "बोल ना गो," त्या म्हणायच्या, "तवा बोललीस, आता बोल." दादा रोज सकाळी खाली उतरून त्यांना पेपर वाचून दाखवायचे, आणि मधेच थांबून अग्रलेखाला शिव्या द्यायचे, शुद्ध मराठीत. मीही जायचो. माफी मागायची होती. एकदा सुरुवातही केली, "काकू, मी त्या दिवशी..."

"तू काय? मना चार प्रश्न पाठ. मी बालूला बघितलेला. मी नाय गेली." मग पावलाचा पट्टा सारखा करत म्हणाल्या, "पन तू बोलायचं होतंस, मिलिन."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते शनिवारी सकाळी. दुसऱ्या दिवशी लेक त्यांना टिटवाळ्याला घेऊन जाणार होती. तिथं त्या वर्षभर राहिल्या आणि तिथंच गेल्या. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी कधी गेलो नाही.

त्या शनिवारी गेटशी एक गाडी थांबली. घोडबंदरहून आलेली एक बाई उतरली, तिशीची, गळ्यात ऑफिसचं कार्ड, एका बाजूला वाकलेली. कुणाकडून तरी ऐकून आलेली. नरेश तिला दारातच म्हणाला, "मॅडम, आई आता नाही करत हे."

"येऊ दे तिला," काकू खुर्चीवरून म्हणाल्या.

तिला खोकायला लावलं. काडी मागवली, मला लावायला सांगितली. तिनं दहाही बोटं बरोबर ओळखली. टाचांवर चालली, चवड्यांवर चालली. शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा ती आधी दचकली, मग हसली आणि म्हणाली, "समजतं हो काकू." कळ पायात अजिबात नव्हती. काल तीन तास ट्रॅफिकमध्ये बसलेली, त्यात पाठ धरली.

"काय नाय तुना. उसन हाय. दोन-तीन दिसांत जाईल," काकू म्हणाल्या. बाई मान हलवत होती, पण तिचे डोळे भरलेले. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग मला म्हणाल्या, "चटई टाक."

बाई पालथी झोपली. काकूंची खुर्ची मी चटईला लागून सरकवली.

"मिलिन. उचल पाय."

मी दादांकडे बघितलं. पेपर खाली गेला होता. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

मी खाली बसलो, पट्टा सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पायाला दोन्ही हात लावले. पाय गार होता, आणि एवढ्याशा बाईच्या मानानं खूप जड. तेलाचा वास अजून होता, कुणीतरी रोज लावत असणार. हॉस्पिटलात जोडवी काढलेली, तिथं पांढरा वळ राहिलेला. तो पाय उचलून मी त्या बाईच्या कमरेवर टेकवला.

"लागला का?" काकूंनी विचारलं.

"लागला," बाई चटईतून म्हणाली.

दुसऱ्यांदा टेकवला. "लागला?" "हो." तिसऱ्यांदा. बाईनं मोठा श्वास सोडला. "बरं वाटतंय, काकू. खरंच बरं वाटतंय."

काकू समोर बिल्डिंगकडे बघत होत्या. मला रडू आलेलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि हात पायावर असल्यामुळे मला डोळे पुसता येत नव्हते.

"जा बाय. झोपून ऱ्हाऊ नको," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "ठेव आता खाली."

मी पाय जमिनीवर ठेवला. हात काढून घेतले. त्या थांबून राहिल्या.

"ठेवलास का?"

"ठेवला, काकू."